चौकटीतला गुमास्ता

मुंबईतल्या एखाद्या जुन्या हॉटेलात चहा घ्यायला बसलात, तर गल्ल्यामागच्या भिंतीकडे एकदा नीट पाहा. मालकाच्या श्रद्धेप्रमाणे तिथे गणपती असेल, झरथुष्ट्राची तसबीर असेल, नाहीतर ७८६ हा आकडा असेल. त्याच्या शेजारी, उदबत्तीच्या आणि तव्याच्या धुराने पिवळी पडलेली आणखी एक चौकट असते. तिच्यात सरकारी कागद असतो. दुकाने व आस्थापना कायद्याखालचे नोंदणीपत्र असे त्याचे भारदस्त नाव. पण हे नाव कोणी घेत नाही. मालक, त्याचा मुनीम, परवान्यांची कामे करून देणारा एजंट, बँकेत चालू खाते उघडून देणारा कारकून, सगळे त्याला एकाच शब्दाने ओळखतात : गुमास्ता. ‘गुमास्ता काढलात का?’, ‘गुमास्त्याची झेरॉक्स जोडा’, असे संवाद आपण सर्वांनी ऐकले आहेत.

शब्द उलटेपालटे करून पाहण्याची मला सवय आहे, म्हणून या शब्दापासूनच सुरुवात करतो. मूळ फारसी शब्द ‘गुमाश्ता’. त्याचा अर्थ ‘नेमलेला’. सावकाराने किंवा व्यापाऱ्याने आपल्या वतीने काम पाहायला नेमलेला माणूस. अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीने विणकरांवर देखरेख करायला पगारी गुमास्ते ठेवले आणि त्यांच्या जुलमाच्या कहाण्या बंगालात अजून सांगतात. आपल्याकडे मात्र पेढीवरचा नोकर, हिशेबनीस एवढाच साधा अर्थ रुजला. म्हणजे गुमास्ता हा नोकर. कायदा झाला तो नोकरांसाठी, म्हणून लोकांनी त्याला नोकराचे नाव दिले. आणि होता होता ते नाव मालकाच्या परवान्याला चिकटले. त्या चौकटीतला कागद वाचून पाहा. मालकाचे नाव असते, पत्ता असतो, धंद्याचा प्रकार असतो. नोकर किती, तो आकडा असतो. पण ज्याच्या नावाने तो कागद ओळखला जातो, त्या गुमास्त्याचे नाव त्यात नसते. ते दुसरीकडे, म्हणजे हजेरीच्या मस्टरमध्ये लिहायचे असते. लिहिले तर!

आपल्या देशात कारखान्यांसाठी पहिला कायदा १८८१ साली झाला. गिरणीतल्या पोरांचे तास त्याने बांधले. १८९० च्या जून महिन्यात नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नाने मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली. ही गोष्ट आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेली असते. पण त्या रविवारी गिरणी कामगार काय करू लागला? तो कपडे बदलून बाहेर पडला, नाक्यावरच्या इराण्याकडे बसला, पाव-मस्का आणि चहा मागवला. गिरणीत मिळालेली सुट्टी ही हॉटेलातल्या पोऱ्याच्या मानेवर चढलेली जादा पाळी होती. एकाचा रविवार हा दुसऱ्याचा सगळ्यात जड वार ठरला. तो आजही तसाच आहे. ही पुरवणी वाचून झाल्यावर आपल्यापैकी कितीतरी जण सहकुटुंब बाहेर जेवायला जाणार आहेत.

हॉटेलातल्या कामगाराला स्वतःचा कायदा मिळायला १९३९ साल उजाडले. मध्ये ५८ वर्षे गेली. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ होते. याच मंत्रिमंडळाने १९३८ मध्ये औद्योगिक कलहाचा कायदा आणला होता आणि त्याच्या विरोधात बाबासाहेब आंबेडकरांनी आणि कम्युनिस्टांनी ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संप घडवून आणला. त्या कायद्यावर आणि त्या संपावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण पुढच्याच वर्षी झालेल्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याकडे इतिहासकारांचे लक्ष कमी गेले, असे माझे मत आहे. देशातला या प्रकारचा हा पहिला कायदा. दुकान, पेढी, उपाहारगृह, नाटक-सिनेमाचे थिएटर अशा जागी काम करणाऱ्या माणसाच्या दिवसाला सुरुवात आणि शेवट असतो, हे सरकारने प्रथमच मान्य केले. नंतर १९४८ मध्ये त्याच्या जागी नवा, अधिक तपशिलाचा कायदा आला आणि तो जवळजवळ ७० वर्षे चालला.

हा १९४८ चा कायदा मी सबंध वाचला आहे. कायदे वाचणे कवीला शोभत नाही असे मित्र म्हणतात. पण हॉटेलच्या धंद्याची इतकी बारीक ओळख मला एखाद्या कादंबरीतसुद्धा सापडलेली नाही. उपाहारगृह पहाटे ५ च्या आधी उघडायचे नाही आणि रात्री १२ नंतर चालू ठेवायचे नाही. पण भट्टी पेटवायला, दूध तापवायला माणूस आधी लागतो आणि बाके उलटी करून लादी धुवायला नंतर लागतो, हे कायदा करणाऱ्याला माहीत होते. म्हणून नोकराला पहाटे साडेचारपासून कामाला लावता येईल आणि रात्री साडेबारापर्यंत ठेवता येईल, अशी अर्ध्या-अर्ध्या तासाची सवलत दिली. दिवसात काम ९ तासांहून जास्त नाही. सलग ५ तास काम झाले की निदान एक तास विश्रांती.

इथपर्यंत सगळे सरळ आहे. खरी मेख पुढे आहे. हॉटेलातले काम सलग नसते. सकाळी चहा-नाश्त्याची गर्दी, दुपारी जेवणाची, मग तीन-साडेतीनला सगळे थंड, आणि संध्याकाळी पुन्हा झुंबड. मालकाला माणूस सकाळीही हवा आणि रात्रीही हवा. मग कायद्याने ‘पसारा’ मोजला. काम ९ तासांचे असले तरी पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंतचा काळ किती लांबावा, याची मर्यादा घातली. दुकानातल्या नोकरासाठी ती ११ तास होती. हॉटेलातल्यासाठी १४. या धंद्यातली माणसे तिला ब्रेक शिफ्ट म्हणतात. मालकांच्या बाजूने पाहिले तर ही सवलत गरजेची होती, हे मी मान्य करतो. दुपारी रिकाम्या टेबलांपुढे वेटर उभे करून पगार देणारे हॉटेल महिनाभरही टिकणार नाही. पण १४ तासांत ९ तास काम म्हटल्यावर मधले ५ तास कोणाचे? कागदावर ते कामगाराचे. प्रत्यक्षात तो चार मैलांवरच्या खोलीवर जाऊन परत येऊ शकत नाही. मुळात बहुतेकांना खोलीच नसते. ते हॉटेलातच, पोटमाळ्यावर किंवा दोन बाके जोडून झोपतात. मग कोणीतरी हाक मारतो, ‘अरे, जरा कांदे सोलून ठेव.’ त्या कांद्यांची नोंद कुठल्या मस्टरमध्ये होणार?

साप्ताहिक सुट्टीचेही तसेच. दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवायचे असा नियम होता. त्यामुळे दुकानातल्या नोकराची सुट्टी रस्त्यावरून दिसायची, शटर खाली असायचे. हॉटेलला मात्र बंद राहण्याची सक्ती नव्हती. प्रत्येक नोकराला आठवड्यातून एक दिवस आळीपाळीने सुट्टी द्यायची, हॉटेल चालू ठेवायचे. लोकांची सोय म्हणून हे बरोबरच होते. पण त्यामुळे हॉटेलातली सुट्टी फक्त रजिस्टरमध्ये दिसू लागली, आणि जे फक्त रजिस्टरमध्ये दिसते ते रजिस्टरमध्येच राहण्याचा धोका असतो. कायदा तरीही बराच पुढचा विचार करत होता. सुट्टीच्या दिवशी नोकराला कामाच्या जागी बोलवायचेही नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. आता जो माणूस कामाच्या जागीच राहतो, त्याला तिथे बोलवायचे नाही म्हणजे काय करायचे, हा प्रश्न मात्र कायद्याला सुटला नाही.

हे पोरे येत कुठून? इराण्यांकडे, चिलिया मंडळींच्या हॉटेलांत, उडप्यांकडे, खानावळीत, प्रत्येकाची वाट वेगळी होती. मालक ज्या मुलखातला, पोरेही बहुधा त्याच मुलखातली. दक्षिण कॅनरातून आलेली मुले फोर्टातल्या आणि माटुंग्याच्या उडपी हॉटेलांत टेबले पुसत. रात्री गल्ला बंद झाला की त्यांतली काही कन्नड रात्रशाळांत जाऊन बसत. मंगळूर-उडुपीकडच्या कित्येक हॉटेलमालकांची सुरुवात अशी कपबशा विसळण्यापासून झाली आहे. १९४९ च्या सुमारास त्याच मंगळुरात एकोणीस वर्षांचा एक तरुण हॉटेल कामगारांची आणि मोटार कामगारांची संघटना बांधू लागला होता. नंतर तो मुंबईत आला आणि जॉर्ज फर्नांडिस या नावाने सगळ्या देशाला माहीत झाला. आमच्या नारायण सुर्वे यांनीही लहानपणी हॉटेलात भांडी घासली होती. कवितेच्या सभांत आम्ही ते अभिमानाने सांगतो. पण त्या हॉटेलात त्यांचे नाव मस्टरवर होते का, असे कोणी विचारत नाही.

नाव मस्टरवर नसण्याच्या अनेक युक्त्या होत्या. महापालिकेचा निरीक्षक आला की लहान पोराला मागच्या दाराने बाहेर काढायचे, ही सगळ्यात सोपी. दुसरी युक्ती म्हणजे ‘हा माझा भाचा आहे, गावाहून आलाय.’ मालकाच्या घरच्या माणसांना कायद्याने नोकर धरले नव्हते. पण घरचा म्हणजे कोण, याची यादी कायद्याने दिली होती : नवरा, बायको, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण, आणि तेही मालकाबरोबर राहणारे, त्याच्यावर अवलंबून असणारे. त्या यादीत भाचा नाही, पुतण्या नाही, गाववाला तर नाहीच. पण निरीक्षकासमोर सांगितलेल्या नात्यांमुळे मुंबईतल्या हॉटेलमालकांना जितके भाचे झाले, तितके कुठल्याही कुटुंबाला झाले नसतील.

मुलांच्या वयाचा नियमही सावकाश वर चढला. सुरुवातीला बारा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला बंदी होती. पुढे ती मर्यादा वाढली. १९८६ मध्ये बालकामगारांचा केंद्रीय कायदा झाला, पण चौदा वर्षांखालच्या मुलाने हॉटेलात काम करणे त्यात धोक्याच्या यादीत नव्हते. १० ऑक्टोबर २००६ पासून ढाबे, चहाची टपरी, उपाहारगृहे, हॉटेले आणि घरकाम यांचा त्या यादीत समावेश झाला. उकळत्या तेलाशेजारी उभा असलेला दहा वर्षांचा मुलगा धोक्यात आहे, हे कागदावर यायला वीस वर्षे लागली. आणि २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना सगळ्याच धंद्यांत बंदी झाली. फक्त घरच्या धंद्यात शाळेच्या वेळेनंतर मदत करण्याची सूट राहिली. म्हणजे ‘भाचा’ पुन्हा थोडासा जिवंत झालाच.

या १९४८ च्या कायद्यात एक छोटी तरतूद होती, तिच्याविषयी थोडे सविस्तर सांगतो. हॉटेलमालकाने प्रत्येक नोकराला ओळखपत्र द्यायचे. त्यावर हॉटेलचे नाव, नोकराचे नाव, वय, कामाचे तास, विश्रांतीची वेळ, सुट्टीचा वार, असे लिहून सही करायची. नोकराने कामावर असताना ते जवळ बाळगायचे आणि निरीक्षकाने मागितले की दाखवायचे. हेतू साधा होता. साडेचार वाजता विश्रांतीची वेळ असलेला माणूस साडेचार वाजता ताटे उचलताना दिसला, तर कार्डच साक्ष देईल. पण मालक आणि नोकर यांच्यात नाते आहे, याचा नोकराच्या स्वतःच्या खिशात राहणारा पुरावा म्हणजे हे कार्ड. मस्टर मालकाच्या कपाटात असते, कार्ड नोकराच्या पेटीत.

माझे एक मामू मुंबईत एका हॉटेलात भट्टीवर होते. हॉटेलचे नाव सांगत नाही, ते आता नाही. चोवीस वर्षे त्यांनी तिथे रोट्या लावल्या. त्यांना मी एकदा विचारले होते, ‘मामू, तुम्हाला पगार किती होता?’ ते हसून म्हणाले, ‘बेटा, आमच्यात पगार कोणी विचारत नसे. उचल किती आहे, ते विचारायचे.’ पगार महिनाअखेर ठरायचा. उचल वजा, खाड्याचे वजा, फुटलेल्या बशांचे वजा, आणि मग उरेल तो. हॉटेल विकले गेले तेव्हा मामूंसकट आठ-दहा जणांना हातावर थोडे पैसे ठेवून निरोप दिला गेला. ग्रॅच्युइटी हा शब्द त्यांनी तोवर ऐकला नव्हता. १९७२ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेत पाच वर्षे नोकरी झाली की दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार मिळतो. वाडीतल्या एका शिक्षकांनी त्यांना अर्ज लिहून दिला. मालकांच्या वतीने उत्तर आले की हा माणूस आमच्याकडे कधी कायम नव्हता, येऊन जाऊन असे. मामूंनी गावच्या पत्र्याच्या पेटीतून निकाहनाम्याच्या घडीत ठेवलेले एक ओळखपत्र काढले. कोपरे कुरतडलेले, शाई उडालेली, पण सही आणि हॉटेलचा शिक्का शाबूत. ते कार्ड टेबलावर ठेवल्यावर बोलण्याचा सूर बदलला आणि तडजोड होऊन रक्कम मिळाली. त्यांच्याबरोबरचे दोघे, एक मोरीवर काम करणारा आणि एक बाहेरचा चहा पोचवणारा, यांच्याकडे कार्ड नव्हते. त्यांना काही मिळाले नाही. काम तिघांनीही केले होते.

फुटलेल्या बशांचा उल्लेख आला म्हणून सांगतो. नोकराच्या हातून वस्तू फुटली तर पगारातून पैसे कापण्याची मुभा १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात होती, आणि तो कायदा हॉटेलांना लागू करण्याची सोय १९४८ च्या कायद्याने ठेवली. पण मुभा दोन अटींवर होती. नुकसान झाले त्याहून जास्त कापायचे नाही, आणि कापण्याआधी नोकराचे म्हणणे ऐकून घ्यायचे. एका बशीसाठी नोकराचे म्हणणे ऐकून घेणारा मालक मला अजून भेटायचा आहे. असेलही कोणी.

टिपेचा वाद याहून मोठा होता. वेटरला गिऱ्हाइकाकडून टीप मिळते, तेव्हा पगार बेताचा दिला तरी चालतो, हा मालकांचा जुना युक्तिवाद. १९७६ मध्ये जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या कामगारांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या न्यायपीठाने हा युक्तिवाद मानला नाही. टीप ही गिऱ्हाइकाने खुशीने दिलेली चीज. ती मालकाने दिलेली मजुरी नव्हे. दुसऱ्याच्या दानतीवर मालकाने आपली देणी भागवू नयेत, असा त्याचा साधा अर्थ. पुढे २०१६ मध्ये प्राप्तिकराच्या एका खटल्यात याच मुद्द्याची उजळणी झाली आणि क्रेडिट कार्डावरून आलेली टीपही पगारात धरली गेली नाही.

आता काळ बदलला. १९९६ मध्ये मॅकडोनाल्ड्स भारतात आले आणि त्यामागोमाग पिझ्झाची, कॉफीची, मग आपल्याच वडापावाची आणि चहाचीही साखळी दुकाने आली. फ्रँचायझी हा शब्द तालुक्याच्या गावापर्यंत पोचला. पाटी एकाची, जागा दुसऱ्याची, भांडवल तिसऱ्याचे. गणवेशाचा रंग, कॉफीचे माप, गिऱ्हाइकाला कसे नमस्कार करायचे, हे सगळे दूरच्या कार्यालयात ठरते. पगार मात्र ज्याने फ्रँचायझी घेतली तो देतो. मग मालक कोण? जुन्या कायद्याची व्याख्या होती : आस्थापनेचा धनी, किंवा तिच्या कारभारावर ज्याचा अंतिम ताबा आहे तो. एकच मालक गल्ल्यावर बसत होता, तोवर ही व्याख्या पुरेशी होती. १९७८ मध्ये कालिकतच्या एका दोरखंडाच्या कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की मध्ये कंत्राटदार उभा केला म्हणून मूळ मालक सुटत नाही. कामगाराच्या पोटावर ज्याचा खरा ताबा, तो मालक. पण फ्रँचायझीचा करार हा त्या कंत्राटासारखा नसतो. तो दोन स्वतंत्र धंदेवाल्यांमधला करार असतो आणि तो लिहिणारे वकील महागडे असतात. माझ्या ओळखीत सेवानिवृत्तीचे पैसे घालून अशी दुकाने घेतलेले गृहस्थ आहेत. त्यांना कराराच्या पन्नास पानांत मशीन किती दिवसांनी धुवायचे हे सापडते, पण भविष्यनिर्वाह निधी कोणी भरायचा, हे एका ओळीत सापडते : सर्व कायद्यांचे पालन फ्रँचायझीधारकाने करायचे. ती एक ओळ सगळ्यात महाग पडते.

अशा रचनेत वरचे दोघे भांडले की काय होते, ते दिल्लीत दिसले. जून २०१७ मध्ये मॅकडोनाल्ड्सची दिल्लीतल्या ५५ पैकी ४३ दुकाने बंद झाली, कारण खाद्यगृहाच्या परवान्यांचे नूतनीकरण झाले नव्हते. ऑगस्टमध्ये कंपनीने आपल्या भारतीय भागीदाराबरोबरचा उत्तर आणि पूर्व भारतातल्या १६९ दुकानांचा करार मोडला. मिटले ते मे २०१९ मध्ये. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या त्या भागीदारीच्या, लवादाच्या आणि समभागांच्या. काउंटरमागे टोपी घालून उभी असलेली पोरे त्या बातम्यांत शेवटच्या परिच्छेदात होती.

महाराष्ट्रातही जुना कायदा गेला. डिसेंबर २०१७ मध्ये नवा दुकाने व आस्थापना कायदा अमलात आला. त्याने वर्षाचे ३६५ दिवस धंदा चालू ठेवायला परवानगी दिली. संमती आणि सुरक्षिततेच्या अटींवर स्त्रियांना रात्रपाळी खुली केली. या गोष्टी मला चांगल्या वाटतात. पण त्याच कायद्याने दहापेक्षा कमी माणसे असलेल्या आस्थापनांना नोंदणीतून सोडले. त्यांनी फक्त आपण आहोत एवढे ऑनलाइन कळवायचे. तास, विश्रांती, सुट्टी यांची कलमे त्यांना लागू नाहीत. आता तुम्हीच नजरेसमोर आणा, आपल्या गल्लीतल्या हॉटेलात किती माणसे असतात? सहा? आठ? म्हणजे ज्या पोऱ्यासाठी १९३९ मध्ये सगळा खटाटोप झाला, तोच कायद्याच्या बाहेर गेला. छोट्या धंदेवाल्याला कागदांच्या जाचातून सोडवायचे, हे कारण होते. निरीक्षकाच्या फेऱ्या आणि त्यामागचे चहापाणी ज्यांनी पाहिले आहे, ते या कारणाला हसणार नाहीत. मीही हसत नाही.

मात्र पुढे एक गंमत झाली. २०२२ मध्ये या कायद्यात दुरुस्ती होऊन दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानांनाही मराठी पाटीची सक्ती झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मुंबईच्या व्यापाऱ्यांना दोन महिन्यांत पाट्या लावा असे सांगितले. मी मराठीत लिहिणारा माणूस. नाक्यावरच्या पाट्या ठसठशीत देवनागरीत दिसू लागल्या तेव्हा मला आनंद झाला, तो मी लपवणार नाही. पण ज्या छोट्या हॉटेलाला नोकराच्या सुट्टीसाठी कायद्याबाहेर ठेवले, त्याच हॉटेलाला पाटीसाठी कायद्यात परत आणले. पाटी तपासायला माणूस जाऊ शकतो, तर तोच माणूस जाता जाता आत डोकावून मस्टरही पाहू शकला असता.

२०२० चा टाळेबंदीचा काळ आपल्याला आठवत असेल. हॉटेले सगळ्यात आधी बंद झाली आणि सगळ्यात शेवटी उघडली. पोटमाळ्यावर राहणारी माणसे एका रात्रीत बेघर झाली. त्या वेळी राज्य कामगार विमा महामंडळाने, ज्यांची नोकरी गेली अशा विमाधारकांना ९० दिवसांपर्यंत निम्म्या पगाराइतकी मदत जाहीर केली. त्यासाठी आधीची दोन वर्षे नाव विम्यात असायला हवे होते आणि ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असायला हवी होती. ज्या मालकांनी आधी कंटाळत का होईना नावे भरली होती, त्यांची माणसे अर्ज करू शकली. बाकीची चालत निघाली.

२०२५ हे वर्ष या इतिहासात दुहेरी आहे. महाराष्ट्र सरकारने दुकाने कायद्यातली दहा माणसांची मर्यादा वीसवर नेली, दिवसाचे तास ९ चे १० केले आणि विश्रांतीसह साडेदहा तासांचा पसारा १२ वर नेला. आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राच्या चार कामगार संहिता अमलात आल्या. त्यांतली वेतनाची संहिता माणसांची संख्या विचारत नाही. चार माणसांच्या चहाच्या हॉटेलालाही किमान वेतन द्यावे लागते आणि पगाराची चिठ्ठी द्यावी लागते. व्यावसायिक सुरक्षिततेच्या संहितेने प्रत्येक नोकराला लेखी नेमणूकपत्र देणे बंधनकारक केले आहे, पण त्या संहितेतली ‘आस्थापना’ दहा माणसांपासून सुरू होते.

नेमणूकपत्र. म्हणजे गुमाश्ता या फारसी शब्दाचा जो मूळ अर्थ, तोच शब्द आता मराठी होऊन कायद्याच्या मागणीत आला आहे. हॉटेलवाल्यांच्या एका बैठकीत, कवितेच्या कार्यक्रमाला म्हणून बोलावले असताना, मी हे सांगितले. एका मालकांनी प्रामाणिकपणे विचारले, ‘साहेब, पोरगा दोन महिन्यांत पळून जातो. त्याला पत्र देऊन काय करू?’ दुसरे वयस्क मालक, स्वतः मोरीवरून गल्ल्यावर आलेले, त्यांना म्हणाले, ‘अहो, पत्र देऊन तर बघा. माझ्याकडचा एक गेला तेव्हा जाताना विचारून गेला, हे पत्र दुसरीकडे दाखवले तर चालेल का म्हणून.’

पहिल्या गृहस्थांनी मग खिशातून पेन काढले आणि पत्रात काय काय लिहायचे ते विचारले. नाव, वय, कामाचा प्रकार, पगार, रुजू झाल्याची तारीख, असे मी सांगत गेलो. ‘नाव पूर्ण लिहायचे का?’ ते म्हणाले. ‘आम्ही त्याला बारक्याच म्हणतो.’